डोंगर पाठ असलेलं इंजिन

नवव्या वळणावर गाडी बंद पडली की दार उघडून खाली उतरायचं आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, हे काम आमच्या घरात माझ्याकडे होतं. लग्नाच्या वेळी मला शिवण येतं का, गाणं येतं का, असल्या चौकशा झाल्या होत्या. ठोकळा लावता येतो का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं आणि पुढचं सगळं टळलं असतं.

ठोकळा उशिरा लागला तर गाडी मागे घसरायची, आणि मागे दरी होती. त्यामुळे मी उतरायला उशीर करत नसे. एक्कावन्नाव्या वर्षी मी चालत्या गाडीतून उतरायला शिकले. या गोष्टीचं घरात कोणी कौतुक केलं नाही, ते जाऊ दे.

वळणाच्या वर, आणखी तेरा वळणं ओलांडल्यावर, माझी अक्का राहायची. भावोजी वरच्या हवामान वेधशाळेत होते. ते गेल्यावर वेधशाळेच्या लोकांनी ते घर तिच्याकडेच राहू दिलं आणि ती तिथे एकटी राहिली. अकरा वर्षं. गुडघे कामातून गेले होते. बर्फ पडायला लागलं की रस्ता चार महिने बंद व्हायचा, आणि मागच्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात पडून दीड दिवस तशीच होती. ते तिने आम्हाला सांगितलंच नाही, दूधवाल्याने सांगितलं. मी फोनवर रडले तेव्हा ती म्हणाली, "रडू नकोस, फोन ओला होतो. रस्ता बंद व्हायच्या आत न्यायला आलात तर येते. नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मी सांगत नाही."

अक्का 'सांगत नाही' म्हणाली की तिने ते आधीच ठरवलेलं असायचं.

रस्ता पंधरा तारखेला बंद होणार होता. भाड्याची कुठलीही गाडी नवव्या वळणापुढे जायला तयार नव्हती. वरपर्यंत चढणारी एक गाडी पूर्वी होती म्हणे, पण ती मोडीत निघाली होती. राहिली आमची. खाणीच्या कंपनीने वापरून काढून टाकलेली, सात माणसांची, चारही चाकं ओढणारी अवजड गाडी. आमच्या ह्यांनी ती केवळ अक्काला आणण्यासाठी घेतली होती. देहाने हत्ती आणि छातीने ससा. सपाटीवर अशी डौलात चालायची की लोक बाजूला व्हायचे. चढ लागला की काळा धूर ओकत खोकायची, आणि नवव्या वळणावर पांढऱ्या कठड्यापाशी, दर वेळी त्याच दगडासमोर, गप्प व्हायची.

त्या जागेविषयी मी तेव्हा कोणाशी बोलले नाही. तिथे पक्षी बोलत नसत. बंद पडलेलं इंजिन गार होताना टिक टिक वाजतं ना, तसं आमचं वाजायचं, आणि थोड्या वेळाने वरून, धुक्यातून, तशीच टिक टिक यायची. शेजारचे भूगोलाचे निवृत्त मास्तर म्हणाले, "प्रतिध्वनी." मी म्हटलं, "मास्तर, आमचं थांबल्यावरही ती चालू असते." मास्तर म्हणाले, "मग उशिराचा प्रतिध्वनी." शिकलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला नाव असतं, एवढाच काय तो त्याचा उपयोग.

मास्तरांनीच आम्हाला सांगितलं, की उंचावर हवा विरळ असते, म्हणून इंजिनाला धाप लागते. ह्यांनी हवेची जाळी बदलली, डिझेलचे फवारे साफ करून घेतले. गाडी नवव्या वळणापर्यंत गेली. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन कमी करा हो. सगळ्या दुखण्यांचं मूळ वजन." त्या हे ह्यांच्याशी बोलत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

झालं. ह्यांनी मागच्या दोन्ही रांगांची बाकं काढून घरात आणली. आठवडाभर आम्ही दिवाणखान्यात गाडीत बसल्यासारखे समोर बघत चहा पीत होतो. जादाचं चाक गेलं, टपावरचा कठडा गेला. मग एका सकाळी हे मला पार्सल कचेरीत घेऊन गेले, आणि तिथल्या लोखंडी काट्यावर, दोन पेट्या आणि एक गुंडाळलेला गालिचा यांच्या मधे, मला उभं केलं. मागे रांग होती. काट्यावरच्या माणसाने आकडा मोठ्याने वाचला, कारण तशी त्यांच्याकडे पद्धत होती.

"तू नाही आलीस तर आपल्याला बरंच—" हे म्हणाले.

"आणि ठोकळा कोण लावणार?"

आमच्या संसारात मी जिंकलेले जे थोडे वाद आहेत, त्यांत हा वरचा. त्या फेरीला गाडी नवव्या वळणापर्यंत गेली.

मग मिस्त्री आला. म्हणजे तो होताच. गावाबाहेर, विहिरीएवढ्या अंधाऱ्या शेडमध्ये, अंगावर गाडी आणि बाहेर फक्त पाय अशा अवस्थेत. त्याचा चेहरा मी दोन-तीनदाच पाहिला असेन, पण पाय कुठेही ओळखेन. तो म्हणाला, "टर्बो बसवू. इंजिनाच्या नाकात पंख्याने हवा कोंबायची. मग डोंगर असो नाहीतर भिंत." त्याने पंखा बसवला. गाडी सपाटीवरच अशी काही सुटली, की ह्यांची टोपी मागच्या काचेला चिकटली, आणि पाचव्या मैलावर इंजिनाने मोठा श्वास घेऊन प्राण सोडला. जुन्या छातीला एवढी हवा सोसली नव्हती. मिस्त्री खालून म्हणाला, "आता इंजिनच बदलायचं. माझ्याकडे एक आहे. याच डोंगरावर चाललेलं. तुम्ही नुसतं चाक धरून बसा, त्याला रस्ता पाठ आहे."

तारीख सहा होती. आम्ही हो म्हणालो. कुठल्या गाडीचं, हे विचारायला हवं होतं. पण घाईत माणूस नेमकं तेवढंच विचारत नाही.

ते आम्हाला वाहन कचेरीत कळलं. इंजिन बदललं की त्याचा नंबर नोंदवावा लागतो. तिथल्या कारकुनाने नंबर पाहिला, एक लांबलचक वही काढली, बोट फिरवत खाली आणलं आणि चष्मा काढून पुसला.

"हे इंजिन वारलेलं आहे," तो म्हणाला.

"चालतंय," हे म्हणाले. "बाहेर उभं आहे."

"असेल. आमच्याकडे ते दोन वर्षांपूर्वी मोडीत गेलंय. गाडीसकट. शववाहिका होती. वरच्या रस्त्यावर एकवीस वर्षं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "माझ्या वडिलांना तिनेच आणलं."

माझ्या डोळ्यांसमोर भावोजी आले. त्यांनाही तिनेच खाली आणलं असणार. मी ह्यांचा हात धरला. हे म्हणाले, "इंजिनाला काय कळतंय मागे कोण आहे ते." पण हात त्यांचाही गार होता.

कारकून फार भला माणूस. त्याने सगळी कपाटं धुंडाळली. "जिवंत गाडी मेल्याची नोंद करायचा अर्ज आहे," तो म्हणाला. "मेलेली जिवंत झाल्याचा नाही. कोणी मागितलाच नाही आजवर." शेवटी त्याने पंधरा दिवसांची तात्पुरती परवानगी दिली, आणि आम्ही निघालो तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. आमच्यासाठी नव्हे, हे बाहेर गाडीजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं.

चौदा तारखेला सकाळी आम्ही निघालो. ठोकळा माझ्या मांडीवर होता. सपाटीवर हे इंजिन काही विशेष वाटलं नाही, पण पहिला चढ लागला तसा त्याचा आवाज बदलला. खोल, एका लयीत, अजिबात घाई नसलेला. पाचव्या वळणावर हे मला म्हणाले, "खाली बघ." त्यांनी पाय उचलून धरला होता. गाडी चढत होती.

"पाय ठेवा," मी म्हटलं.

"ठेवला तरी तेवढीच जाते."

नववं वळण आलं आणि गेलं. मी दाराच्या कडीवर हात ठेवून बसले होते, पण उतरायची वेळच आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगते, थोडा अपमान वाटला.

पुढे वस्ती सुरू झाली आणि गाडी अधूनमधून आपणहून हळू व्हायला लागली. एखाद्या घरासमोर जवळजवळ थांबायची, गुरगुरायची, मग पुढे. हे म्हणायचे, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता. घरांतून माणसं बाहेर येत होती. आम्हाला बघून नव्हे, आम्ही दिसायच्या आधीच ती फाटकाशी येऊन उभी असायची, टोप्या हातात घेऊन. एका बाईने पुढे येऊन बॉनेटवर रानफुलं ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. दुसरं काय करणार?

चौदाव्या वळणावर एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा होता. ह्यांनी काच खाली केली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, आजोबा. आम्ही न्यायला आलोय."

"ते कळलं. कोणाला?"

हे म्हणाले, "वेधशाळेजवळ. अक्कांना."

म्हातारा कठड्यावर बसला. "काल तर माझ्याशी भांडली," तो म्हणाला. "चांगली होती."

गाडी आपणहून पुढे निघाली, म्हणून त्याला समजावून सांगता आलं नाही. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले की अक्का जिवंत आहे, पण धुक्यात बाईमाणसाचं ओरडणं कसं ऐकू येतं, ते तुम्हाला माहीत असेल. पहिला शब्द तेवढा गेला असेल, तोही रडल्यासारखा.

डोंगरात बातमी गाडीच्या पुढे चढते. आम्ही पोचलो तेव्हा अक्काच्या अंगणात आठ-दहा माणसं मान खाली घालून उभी होती. मधे खुर्ची, आणि खुर्चीत अक्का. शाल लपेटून, पायाशी पिशवी, हालचाल नाही. मी तिथेच, गाडीला धरून उभी राहिले.

"ही बघ," अक्का म्हणाली, "मला विचारतेय कुंड्या नेऊ का म्हणून. माझ्या तोंडावर."

कुंड्यांवाली शेजारीण म्हणाली, "अक्का, तसं नाही, थंडीत जळून जातात."

"उद्या ने. आज मी बघतेय."

मी तिला मिठी मारली. ती गरम होती. तिला राकेलचा आणि पुस्तकांचा वास येत होता. नेहमीचा. ती माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत होती. "बाविसाव्या वळणाच्या खालीच आवाज ओळखला मी," ती म्हणाली. "तुझ्या भावोजींना नेलं त्या दिवशी मी मागे बसले होते, खाली पोचेपर्यंत. असा आवाज विसरत नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "दुसरं इंजिन नव्हतं का हो कुठे?"

"शक्ती हवी होती, अक्का," हे म्हणाले.

"ती आहे हिच्यात," अक्का म्हणाली.

दुपारी दोनला ढग खाली उतरले. चार वाजता पायथ्याच्या चौकीचं फाटक बंद व्हायचं होतं, आणि खालून निरोप आला होता की बर्फामुळे ते एक दिवस आधीच बंद होतंय, आता थेट चार महिन्यांनी उघडेल. अक्का पुढे बसली, मी स्वतःला तिच्या शेजारी कोंबून घेतलं. ह्यांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. ह्यांनी बॅटरीच्या तारा घासल्या, डिझेलची नळी फुंकली, मग इंजिनाशी हळू आवाजात काहीतरी बोलले. एवढ्या गोड आवाजात ते माझ्याशी लग्न ठरताना बोलले होते. अंगणातली माणसं हलली नव्हती. बर्फाचे पहिले कण काचेवर बसले.

"ती रिकामी कधी उतरलेली नाही," अक्का समोर बघत म्हणाली.

"रिकामी कुठे? आपण तिघं आहोत," हे म्हणाले.

"बसलेली माणसं ती मोजत नाही."

हे हसले, पण पुरतं नाही. मागे बाकं नव्हती. आम्हीच काढली होती. सपाट, लांब, माणूस मावेल एवढी जागा होती. तिघांनी एकदम मागे बघितलं.

"मला गाडी चालवायची आहे," हे घाईने म्हणाले.

"मी आडवी होऊन जाणार नाही," अक्का म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "अकरा वर्षं मी इथे का बसले असं वाटलं तुला? खाली जायचं ते हिच्यातूनच, आडवं, हे मी धरून चालले होते. रोज कान लावून बसायचे. आता बसून जायला मिळतंय तर मला बसूनच जाऊ दे गं."

मी मागे गेले. पत्रा बर्फासारखा गार होता. पाय लांब केले, हात कुठे ठेवायचे कळेना, मग पोटावर ठेवले. डोकं टेकलं आणि इंजिन सुरू झालं. ह्यांनी तेव्हा किल्ली फिरवली होती, की ती नुसती त्यांच्या हातात होती, यावर आमचं पुढे कधीही एकमत झालं नाही.

उतारावर मी दोनदा उठून बसायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा इंजिन बंद झालं, ब्रेक दगडासारखा घट्ट होऊन दबेना आणि गाडी नुसती गडगडत सुटली. दुसऱ्या वेळी अक्का न वळता म्हणाली, "पड गं." मी पडले. कोणीतरी वर येताना चांगुलपणाने चादर दिली होती, ती अक्काने मागे टाकली. थंडी होती, म्हणून मी ती अंगावर ओढून घेतली. गळ्यापर्यंतच.

गाडी प्रत्येक घरासमोर हळू होत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. स्वतःच्या मागे लोक काय बोलतात, हे ऐकायची संधी फार थोड्यांना मिळते. मिळू नये.

"अक्का तर पुढे बसलीये. मग ही कोण?"

"धाकटी बहीण. न्यायला आली आणि स्वतःच."

"तीच ना, ठोकळा लावायला उडी मारायची? मी वरून बघायचो. चपळ होती हो, अंगाच्या मानाने."

'अंगाच्या मानाने' मी आजवर विसरलेले नाही.

चौकीपाशी पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. फाटकाचा आडवा खांब अर्धा खाली आला होता. चौकीदाराने आवाज ऐकून आधीच वही उघडून ठेवली होती. त्या गाडीतून खाली येणाऱ्या प्रत्येकाची नोंद तो एकवीस वर्षं ठेवत आला होता. त्याने काचेतून चादर पाहिली, टोपी काढली आणि लेखणी बुडवली.

"नाव?"

मी हलले असते तर इंजिन बंद पडलं असतं आणि फाटकही. ह्यांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी माझं नाव सांगितलं. वय सांगितलं, तेही खरं. याबद्दल मी त्यांना पुरती क्षमा केलेली नाही.

"कारण?"

ह्यांच्या आधी अक्का म्हणाली, "थकवा लिहा."

लेखणीचा कागदावरचा आवाज मला मिटल्या डोळ्यांनी ऐकू येत होता. चौकीदाराने खिडकीतून हात घालून ह्यांच्या खांद्यावर ठेवला. ह्यांचे डोळे भरून आले. नंतर ते म्हणाले, धुकं गेलं होतं डोळ्यांत. खांब वर गेला.

सपाटीवर आल्यावर मी उठून बसले. इंजिन चालू राहिलं. आता ते साधं इंजिन होतं, पाय दिल्याशिवाय हलत नव्हतं. अक्का पहिल्यांदा मागे वळली. तिने माझा चेहरा बराच वेळ पाहिला, आणि मग केसांना लागलेली धूळ झटकली, लहानपणी झटकायची तशी.

पंधरा दिवसांची परवानगी संपली आणि मिस्त्रीने ते इंजिन काढून नेलं. पुढे कुठे गेलं, त्याच्या पायांनी सांगितलं नाही.

अक्का आमच्याकडे अठरा वर्षं राहिली. ह्यांना रोज पत्त्यात हरवायची आणि माझ्या आमटीला नावं ठेवायची. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. बसूनच, तिला हवं होतं तशी. चार वर्षांनी हे गेले. मास्तर गेले, डॉक्टरीणबाई गेल्या. मी आता शहाऐंशी वर्षांची आहे. डॉक्टर दर वेळी कागद उलटेपालटे करून बघतात आणि म्हणतात, आजी, तुमचं काही कळत नाही. मला कळतं. त्या चौकीच्या वहीत एक नाव दोनदा लिहायची पद्धत नाही, असं अक्का म्हणायची, आणि माझं लिहून झालेलं आहे.

आधी मला याचं हसू यायचं. आता घर फार शांत असतं. पत्त्यांचा जोड कपाटात तसाच आहे, एकटीला कोणता डाव खेळता येतो? अलीकडे कधीकधी दुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना, कोपऱ्यावर एक गाडी वळते. खोल, एका लयीतला, अजिबात घाई नसलेला आवाज. घरासमोर येऊन हळू होते. थोडा वेळ गुरगुरते, जणू वहीत बघतेय. मग पुढे जायला लागते.

मी काठी घेऊन उठते, खिडकीशी जाते आणि पडदा बाजूला करून नीट उभी राहते, दिसावी म्हणून.